मोहाच्या मुलखातला निरोप

आमची दिंडोरीकडे वाईनच्या द्राक्षांची बाग आहे. मार्चमध्ये तोड संपते, माल वायनरीत जातो आणि मग एप्रिलची खरड छाटणी सुरू होईपर्यंत थोडे दिवस आम्हा नवरा-बायकोला मोकळे मिळतात. गेली काही वर्षं त्या दिवसांत आम्ही सायकली घेऊन बाहेर पडतो. सायकली ग्रॅव्हल जातीच्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकलेलं, पण टायर जाड. डांबर संपलं तरी अडत नाहीत. आमच्या भागात शनिवार-रविवारी शहरातली मंडळी अशाच सायकलींवर बागाबागांतून फिरतात, संध्याकाळी ग्लास हातात घेऊन फोटो काढतात. त्यात वाईट काही नाही, आमचं घर त्याच्यावरच चालतं. पण यंदा माधव, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की द्राक्षाच्या नाही, मोहाच्या मुलखात जाऊ. मोहाची फुलं सध्या गळत असतील. म्हणून नंदुरबार.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. छाटणी आटोपली, वेलींना नवी फूट आली. तिकडे न गेलेल्यांसाठी लिहायला बसले आहे, पण ठरवलं होतं तसं हे प्रवासाचं वर्णन उतरत नाहीये. जे झालं ते तसंच सांगते.

तापीच्या काठाने

सुरुवात सारंगखेड्यापासून केली. घोड्यांच्या यात्रेमुळे या गावाचं नाव सगळीकडे माहीत आहे, पण आम्ही गेलो तेव्हा यात्रेचं मैदान मोकळं होतं आणि त्यावर शेळ्या चरत होत्या. माधवच्या ओळखीचे निंबाभाऊ म्हणून पपईचे बागायतदार तिथे राहतात. त्यांच्याकडे पहिला मुक्काम. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवेची भाजी. भाजीचा रस्सा इतका तिखट की माझ्या कानातून वाफा निघाल्या. निंबाभाऊंच्या घरच्यांनी न बोलता पुढ्यात दह्याची वाटी सरकवली.

सकाळी निघताना निंबाभाऊंनी आमच्या सायकली उचलून पाहिल्या. पुढे कुठे जाणार ते विचारलं. तळोद्यावरून घाट चढून धडगाव आणि तिथून नर्मदेच्या काठी, असं माधवने सांगितलं. ते म्हणाले, "वर तुमले कोनी त्रास नही देवावं. पन तठे मोबाईल नही लागस. काही झायं तं मानूसच मानूसले कामे येस."

मी मान डोलावली. असं बोलणं आपण ऐकतो आणि विसरतो.

तापीच्या काठाने प्रकाशा गावापर्यंत बैलगाडीची वाट आहे. एका अंगाला नदी, बंधाऱ्यामुळे संथ आणि रुंद. दुसऱ्या अंगाला पपई, केळी, ऊस. माती काळी आणि पिठासारखी मऊ. सायकल चालवायला इतकी चांगली वाट मी आमच्या बागांमध्येही पाहिलेली नाही. मात्र बाभळीचे काटे जागोजागी होते. माधवच्या मागच्या टायरमध्ये एक काटा असा घुसला की आतला पंक्चर बुजवणारा चिकट द्रव फवाऱ्यासारखा त्याच्या पाठीवर उडाला. नदीत कपडे धुणाऱ्या बाया हसल्या, आम्हीही हसलो. त्या दिवसाचं मला एवढंच ठळक आठवतं. बाकी सगळं ऊन आणि पाणी.

चांदसैली घाट

तळोद्याहून निघालो की सपाटी एकदम संपते आणि सातपुडा समोर भिंतीसारखा उभा राहतो. चांदसैलीचा घाट आम्ही पहाटे चढायला घेतला. चढ दमवणारा होता. पण मधे एका वळणावर वास आला आणि आम्ही दोघेही पाय टेकून थांबलो.

तोडीच्या दिवसांत वायनरीच्या टाक्यांजवळ येतो तसा, गोड आणि किंचित आंबूस वास. फक्त इथे टाकी नव्हती. वर मोहाचं झाड होतं आणि खालच्या जमिनीवर पिवळसर फुलं मोत्यांसारखी पसरली होती. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली. दोन बायका टोपल्या घेऊन वाकून वेचत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आम्हाला पावरी. त्यांच्यातल्या थोरलीने ओंजळभर फुलं माझ्या हातावर ठेवली आणि खायची खूण केली. तोंडात टाकलं की आधी साखर लागते, मग मागून एक जड, धुरकट चव येते. माझा व्यवसायच चवींचा आहे. तरी त्या चवीला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

धडगावात पोचेपर्यंत असं कितीतरी वेळा थांबणं झालं. आमच्याकडे द्राक्षाची बाग म्हणजे तारा, खांब, ठिबक, फवारणी. इथे जंगलातल्या झाडाझाडाला मालक आहे. ना कुंपण, ना पाटी. हे झाड अमक्याच्या आजोबांचं, ते तमक्याच्या सासूचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. हे आम्हाला धडगावच्या चहावाल्याने सांगितलं.

पाडा

सायकलवरच्या तिसऱ्या दिवशी धडगावहून उत्तरेला, नर्मदेच्या दिशेने निघालो. डांबर लवकरच संपलं. पुढे मुरमाचा रस्ता, मग तोही अरुंद होत गेला. डोंगराची एक मोठी धार ओलांडली. तिच्या माथ्यावर माझ्या फोनवर दोन-तीन मेसेज वाजले. माधवचं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्याचा फोन गप्प होता. समोर खाली नर्मदा दिसत होती. नदी म्हणजे धरणाचं पाणी. डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं, हिरवं, हालचाल नसलेलं. काठाजवळ बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आले होते.

उतारावरून एका पाड्यात आलो. तिथली घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून पहिल्याच घराकडे वळलो. अंगणात बरीच माणसं होती. कोणी उठलं नाही. बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि त्यांच्यातली एक हलक्या आवाजात, गाण्यासारखं काहीतरी म्हणत होती. आम्ही सायकली तिथेच आडव्या ठेवल्या. काय ते आम्हाला कळलं होतं.

साधारण चाळिशीचा एक माणूस पुढे आला. त्याचं नाव करमसिंग. आश्रमशाळेत शिकलेला, त्यामुळे मराठी स्वच्छ बोलत होता. त्याने आधी आम्हाला पाणी दिलं आणि मग सांगितलं. रायसिंग म्हणून त्याचे मामा. पहाटे मोह वेचायला गेले, वेचता वेचता झाडाला टेकून बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या बायकोला, सायजाबाईंना वाटलं, थकून बसलेत. टोपली भरल्यावर त्यांनी हाक मारली.

एकुलता मुलगा दिलवर बायको-मुलांना घेऊन गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला. होळीला सगळे घरी येतात, तसा तोही आला होता, आणि होळी झाल्यावर परत गेला. पाड्यातल्या दोन मोटरसायकली लांबच्या नातेवाइकांना सांगायला गेल्या होत्या. त्यांतल्या एकाने धडगावातून दिलवरला फोन करायचा होता, पण तो लागला की नाही ते तो परत येईपर्यंत कळणार नव्हतं. ऊन वाढत होतं. मुलगा येणार असेल तर थांबायचं, नसेल तर संध्याकाळच्या आत उरकायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

करमसिंगने विचारलं, "तुम्ही धारेवरून आलात. तिथं फोन वाजला का?"

माझा वाजला होता. मी म्हटलं, मी जाते. माधव सोबत येतो म्हणाला, पण त्याच्या फोनचा उपयोग नव्हता आणि तिथे लाकडं आणायला माणसं हवी होती. तो थांबला.

दिलवरचा नंबर दाराच्या खांबावर कोळशाने लिहिलेला होता. तो मी फोनमध्ये घेतला. मग मी करमसिंगला विचारलं की मुलाला काय सांगू. आमच्याकडे अशा वेळी फोनवर खरं सांगत नाहीत. 'तब्येत जरा सीरियस आहे, लगेच निघ,' एवढंच सांगतात. माणूस रस्त्यात असतो, त्याने नीट पोचावं म्हणून. मीही तसंच सांगावं, असं मला वाटत होतं. खरं तर तसं सांगणं मला सोपं गेलं असतं.

करमसिंगने मान हलवली. "आजारी आहे म्हणू नका. बाप गेला म्हणून सांगा."

"पण तो इतक्या लांब..."

"आजारी म्हटलं तर मुकादम सोडणार नाही. आणि तो पण म्हणेल, म्हातारा होळीला नाचत होता, बरा होईल." मग तो म्हणाला, "आधी आत येऊन बघा. दिलवर तुम्हाला विचारेल."

मी आत गेले. कुडाच्या भिंतीतून उन्हाचे ठिपके आत पडले होते. रायसिंग बाजेवर होते. उंच, सडपातळ माणूस, केस बरेचसे काळे. अंगात निळ्या चौकटीचा नवा शर्ट. घड्यांच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. उशाशी सायजाबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या. करमसिंगने ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

धार

उतरताना ज्या वाटेवर आम्ही ब्रेक दाबून मजा केली होती, तीच वाट आता चढायची होती. निम्म्यात सायकल ढकलावी लागली. घशाला कोरड पडली होती. चढताना मी सारखी वाक्यं जुळवत होते. 'मी वैशाली बोलतेय, तुम्ही मला ओळखत नाही.' 'मन घट्ट करा.' सगळी वाक्यं परक्या माणसाची वाटत होती, आणि मी परकी होतेच.

माथ्यावर एका खडकावर उभी राहिले तेव्हा फोनला रेंज आली. नंबर लावला. बराच वेळ वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला गेला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कोयत्यांचे सपसप आवाज. तरुण आवाजात कोणीतरी हिंदीत विचारलं, कोण. धडगावचा फोन त्याला लागला नव्हता.

मी नाव सांगितलं. दिलवरच ना, असं विचारून खात्री केली. तुमच्या घरून आलेय, करमसिंगने पाठवलंय, असं सांगितलं. मग थांबले.

त्याने मराठीत विचारलं, "आईला काय झालं?"

"आई बऱ्या आहेत," मी म्हटलं. "वडील गेले. आज पहाटे."

ट्रॅक्टरचा आवाज लांब जात गेला; बहुतेक तो फडातून बाहेर चालत निघाला होता. मग तो म्हणाला, "तुम्ही स्वतः बघितलं?"

"बघितलं."

"तुम्ही कोण? तिथं कशा आल्या?"

सायकलवर फिरायला आलो होतो, हे सांगताना मला लाज वाटली. पण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. एक अनोळखी बाई कुठल्या तरी डोंगरावरून फोन करून बाप गेला म्हणते. मला दुसरं काही सुचेना, म्हणून जे पाहिलं ते सांगितलं. बाज कुठे ठेवली आहे, आई कुठे बसल्या आहेत, अंगात निळ्या चौकटीचा शर्ट आहे, नवा, घडी न मोडलेला.

तेव्हा त्याचा आवाज तुटला. "तो मी होळीला आणला होता," तो म्हणाला. "त्यांनी घातलाच नव्हता. ठेवून दिला होता."

तो रडत होता आणि मी उन्हात, खडकावर, फोन कानाला लावून उभी होते. समोर ते हिरवं पाणी. फोन ठेवावा की नाही, हे मला कळत नव्हतं. मी ठेवला नाही.

शेवटी त्याने स्वतःला सावरलं. म्हणाला, मी निघतो, थांबा म्हणावं, उद्या सकाळपर्यंत पोचतो. आईला एकटं बसू देऊ नका, असंही म्हणाला.

थांबणं

मी खाली आले आणि करमसिंगला निरोप दिला. त्याने तो पावरीत मोठ्याने सगळ्यांना सांगितला. अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपापसात थोडं बोलून ठरवलं की थांबायचं.

आम्ही निघावं की थांबावं, हा आमचा प्रश्न होता. अशा घरी परक्याने रेंगाळू नये, असं माधवला वाटत होतं. पण निघायला उठलो तेव्हा करमसिंगने सांगितलं की, मामी म्हणते, निरोप देणारं माणूस मुलगा येईपर्यंत असू दे. मग आम्ही थांबलो. दुपारी माधवने इतर पुरुषांबरोबर लाकडं वाहिली. जुनं मसण धरणाच्या पाण्याखाली गेलंय, त्यामुळे आता वरच्या टेकाडावर जागा केली आहे. तिथवर खांद्यावर लाकूड नेताना त्याचे दोन्ही खांदे सोलवटले.

संध्याकाळी मोहाची दारू आली. प्रत्येकाने आधी थोडी जमिनीवर ओतली, गेलेल्यांच्या नावाने, आणि मग स्वतः घेतली. पळसाच्या पानाचा द्रोण माझ्याही हातात आला. आमच्याकडे दारूचा आधी रंग बघतात, वास घेतात, मग मत देतात. मी इतरांसारखीच थोडी ओतली आणि उरलेली प्यायले. घसा भाजला. कोणी विचारलं नाही कशी आहे म्हणून.

पहाटे उजाडता उजाडता बायका उठल्या. मीही त्यांच्यामागे गेले. मोह कोणासाठी थांबत नाही. ज्या दिवशीचं फूल त्या दिवशी उचललं नाही तर गुरं खातात, नाहीतर सडतं. वेचायचे दिवस थोडे आणि त्यावर घरातलं बरंच काही अवलंबून. आपापल्या झाडांकडे जायच्या आधी त्या सगळ्या रायसिंगच्या झाडांखाली गेल्या. ज्या झाडाला ते टेकून बसले होते तिथेही. एकीने बुंध्याला हात लावला आणि मग सगळ्या वेचायला वाकल्या. मीही वाकले. दव पडलेलं होतं आणि फुलं बोटांना चिकटत होती. आमच्या तोडीला मजूर गाणी म्हणतात, एकमेकांची चेष्टा करतात. इथे कोणी बोलत नव्हतं. वर पानांतून अजून फुलं गळत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. भरलेल्या टोपल्या त्यांनी सायजाबाईंच्या अंगणात ओतल्या, पसरल्या, आणि मगच त्या आपापल्या झाडांकडे गेल्या.

दिलवर

तो सकाळी पोचला. बारडोलीहून मिळेल त्या गाडीने नवापूर, मग नंदुरबार, तिथून धडगाव, आणि पुढे कोणाच्या तरी पिकअपमध्ये धारेपर्यंत. तिथून पळत उतरला असावा, कारण अंगणात आला तेव्हा गुडघ्यापर्यंत धूळ होती. तिशीच्या आतला मुलगा, ऊस तोडून हातांना चिरा पडलेल्या. तो थेट आईजवळ गेला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आदल्या दिवसापासून सायजाबाईंच्या डोळ्यांतून मी पाणी आलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा त्या रडल्या.

टेकाडावर आम्ही मागे उभे राहिलो. रायसिंगबरोबर त्यांची बासरी, पाणी भरायचा सुका भोपळा आणि थोडी मोहाची फुलं ठेवली. शर्ट तसाच अंगात होता. धूर आधी वर गेला आणि मग वारा नसल्याने पाण्यावरच बराच वेळ तरंगत राहिला.

सगळं झाल्यावर आम्ही निघालो. जेवून जा, असा आग्रह झाला, म्हणून मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. सायजाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. दिलवर आम्हाला वाट चढाला लागते तिथपर्यंत सोडायला आला. माझी सायकल त्याने धरली होती. बायको-मुलं कुठे आहेत, असं माधवने विचारलं, तर ती मागच्या गाडीने येत आहेत एवढंच म्हणाला.

चढाशी आल्यावर त्याने सायकल माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला नीट सांगता आलं नाही, माफ करा.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही बोलायच्या आधी थांबल्या, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मला वाटत होतं, तुम्ही आजारी म्हणाल. मग मी ते खरं धरलं असतं. आठवडा संपवून आलो असतो."

त्याने हात जोडले नाहीत, आभारही मानले नाहीत. वळला आणि खाली आईकडे चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर त्याचं चालणं पळण्यात बदललं.

आम्ही चढायला लागलो. सायकलवर बसायची इच्छा दोघांनाही नव्हती, म्हणून ढकलत निघालो. वर गेल्यावर माझा फोन पुन्हा वाजायला लागला. वायनरीतून, बागेतून, घरून. मी तो बंद केला. माधव एका दगडावर बसला. लाकडांनी सोलवटलेल्या खांद्यांवर त्याने दोन्ही हात ठेवले होते. म्हणाला, "बाबांना फोन कर. सहज म्हणून कर."

मी फोन चालू केला, त्याच्या वडिलांचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.